पडण्याची भीती घालवणारा इंजिनियर : हुआन दे ला सिएर्वा



गेल्या निवडणुकीच्या धामधुमीत आपल्या शाळेवरून दिवसातून दोन-तीनदा हेलिकॉप्टर जात असे. आवाज आला की तास संपला म्हणून समजा. एकदा मीच आठवीचा विज्ञानाचा तास घेत होते. सगळा वर्ग खिडकीशी. मी रागावले नाही, कारण मलाही बघायचेच होते. जागेवर बसता बसता एका मुलाने विचारले, मॅडम, वर असताना याचे इंजिन बंद पडले तर? विमानाला पंख आहेत, ते तरंगत तरी येईल, पण हेलिकॉप्टर दगडासारखे खाली पडेल ना?

दगडासारखे पडत नाही, एवढेच मी सांगू शकले. का पडत नाही ते नीट सांगता आले नाही. माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. ‘उत्थापन’ आणि ‘घूर्णन’ असे शब्द ओठांवर आले, त्यांना सोपे मराठी शब्द शोधेपर्यंत घंटा झाली. नंतर घरी बसून वाचत गेले, तेव्हा या एका प्रश्नासाठी सारे आयुष्य घालवलेला माणूस भेटला. हुआन दे ला सिएर्वा हे त्यांचे नाव. स्पेन देशात त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आपल्याकडे राइट बंधूंचा धडा असतो, सिएर्वांचा नसतो. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहीत आहे.

सिएर्वांचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी स्पेनच्या मुर्सिया शहरात झाला. घर सुखवस्तू होते. वडील राजकारणातले मोठे प्रस्थ, अनेकदा मंत्री झालेले. मुलगाही वकील होऊन त्याच वाटेने जाईल, असे कोणालाही वाटले असते. पण हुआन आठ वर्षांचा असताना राइट बंधूंनी अमेरिकेत विमान उडवले आणि पुढच्या काही वर्षांत साऱ्या युरोपातल्या मुलांना विमानाचे वेड लागले. हुआन आणि त्याचे दोन मित्र, बार्काला आणि दियाझ, माद्रिदमध्ये खाऊचे पैसे जमवून लाकूड, तार, कापड आणत आणि ग्लायडर बनवत. मग त्यांना एका फ्रेंच वैमानिकाचे मोडके विमान मिळाले. त्याचे इंजिन घेऊन या मुलांनी १९१२ साली नवे विमान उभे केले. त्याचा पंखा दारूच्या गुत्त्यातल्या जुन्या लाकडी फळीतून कोरला होता, असे सांगतात. विमान लाल रंगाचे होते म्हणून त्याला ‘खेकडा’ म्हणू लागले. ते खरोखर उडाले. स्पेनमध्ये बनून उडालेले ते पहिले विमान मानतात, आणि ते बनवणारी मुले सोळा-सतरा वर्षांची होती. आमच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी साधा मांडव धड उभा राहत नाही, हे पाहिलेल्या मला याचे फार कौतुक वाटते.

पुढे त्यांनी माद्रिदला रस्ते, कालवे, बंदरे बांधणाऱ्या स्थापत्य अभियंत्याचे शिक्षण घेतले. वडिलांचा मान राखून ते काही काळ स्पेनच्या संसदेतही निवडून गेले. पण मन विमानातच होते. लष्कराने मोठ्या बॉम्बफेकी विमानासाठी स्पर्धा जाहीर केली. सिएर्वांनी तीन इंजिनांचे प्रचंड विमान बनवले. कॅप्टन रिओस नावाचा अनुभवी वैमानिक ते चाचणीसाठी घेऊन गेला. सुरुवात चांगली झाली. मग जमिनीपासून फार उंच नसताना त्याने वळण घेतले, वेग कमी पडला, आणि विमान कोसळले. रिओस वाचला. विमानाचा मात्र चुराडा झाला.

इथे थोडे थांबून त्या दिवशी काय घडले ते समजून घेऊ, कारण सिएर्वांच्या आयुष्याला इथूनच वळण लागले. संक्रांतीला आपण पतंग उडवतो. वारा पडला की पतंग मुंडी टाकतो, मग आपण मांजा ओढत मागे पळतो, म्हणजे पतंगाला पुन्हा वारा लागतो. विमानाचेही असेच आहे. पंखांवरून हवा वेगाने वाहते तोवर पंख वजन उचलतात. वेग कमी झाला की तेवढेच वजन पेलण्यासाठी पंख जास्त तिरपा करावा लागतो. एका हद्दीपलीकडे तिरपा केला की हवा पंखाला चिकटून वाहत नाही, सुटते, आणि पंखाची उचल एकदम घटते. याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे स्टॉल. उंची असेल तर वैमानिक नाक खाली करून वेग परत मिळवतो. जमिनीजवळ असेल तर त्याला तेवढी जागाच नसते. त्या काळी विमाने बहुधा अशीच पडत.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की वैमानिकाने चूक केली, पुढच्या वेळी चांगला वैमानिक आणू. सिएर्वांनी प्रश्न उलटा घेतला. चांगल्या वैमानिकाच्या हातूनही असे होत असेल तर यंत्रच बदलायला हवे. विमानाचा वेग कमी झाला तरी पंखांचा वेग कमी होऊ नये, असे काही करता येईल का? पंख विमानाला घट्ट जोडलेले असतील तोवर ते शक्य नाही. मग पंखच स्वतंत्रपणे गरगर फिरत ठेवले तर?

जत्रेतले भिरभिरे हातात धरून पळा, ते आपोआप फिरते. त्याला कोणी इंजिन लावलेले नसते. देवासजवळच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या तुम्ही बसमधून पाहिल्या असतील, त्याही वाऱ्यानेच फिरतात. पचमढीला उन्हाळ्यात गेलेल्यांनी सालाचे पंखवाले बी झाडावरून सुटल्यावर गरगरत सावकाश खाली येताना पाहिले असेल. पडतानाच त्याला खालून वारा लागतो, त्या वाऱ्याने ते फिरते, आणि फिरण्यामुळेच त्याचे पडणे मंदावते. सिएर्वांनी विमानाच्या डोक्यावर अशी मोठी लांब पाती बसवायचे ठरवले. पुढे साधे इंजिन आणि पंखा, वर मोकळी फिरणारी पाती. इंजिन पुढे ओढेल, वाऱ्याने पाती फिरतील आणि तीच वजन उचलतील. इंजिन बंद पडले तरी खाली येताना खालून वर वाहणारी हवा पाती फिरवत ठेवील. या यंत्राला त्यांनी ऑटोजायरो असे नाव दिले. हे हेलिकॉप्टर नव्हे हे ध्यानात ठेवा. हेलिकॉप्टरची पाती इंजिन फिरवते, ऑटोजायरोची पाती वारा फिरवतो.

कल्पना सुंदर होती, यंत्र मात्र उडेना. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी एकामागून एक तीन यंत्रे बनवली आणि तिन्ही उडायला निघाली की एका बाजूला कलंडत. कारण असे की यंत्र पुढे जात असताना एका बाजूचे पाते वाऱ्यावर चालून जाते आणि दुसऱ्या बाजूचे वाऱ्यापासून मागे पळते. चालून जाणाऱ्याला वारा जास्त लागतो, म्हणून तिकडे उचल जास्त. सायकलवर वाऱ्याच्या विरुद्ध आणि वाऱ्याच्या बाजूने जाऊन पाहा, म्हणजे फरक कळेल. सिएर्वांनी एकावर एक उलट फिरणारी पाती लावून पाहिली, पात्यांची संख्या बदलून पाहिली, काही उपयोग झाला नाही. घरचा पैसा खर्च होत होता.

नवल म्हणजे त्यांचे छोटे खेळण्यासारखे नमुने नीट उडत, आणि मोठे यंत्र कलंडे. असे का, याचा विचार करताना त्यांच्या ध्यानात आले की खेळण्याची पाती लवचिक काड्यांची होती, म्हणून ती वाऱ्यात वर-खाली वाकत. मोठ्या यंत्राची पाती मात्र ताठ होती. मग त्यांनी मोठ्या पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली, आपल्या दाराला असते तशीच, फक्त आडवी. आता वाऱ्यावर चालून जाणारे पाते जास्त उचल मिळाली की वर उचलले जाई, आणि वर जाता जाता त्याचा वाऱ्याशी असलेला कोन कमी होई, म्हणजे उचल आपोआप बेताची राही. मागे पळणारे पाते खाली येता येता आपली उचल वाढवून घेई. दोन्ही बाजू सारख्या. इतकी साधी गोष्ट सुचायला तीन यंत्रे मोडावी लागली.

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे मैदानावर चौथे यंत्र वैमानिक गोमेझ स्पेन्सर यांनी उडवले. ते सरळ उडाले. आणि मग त्याच महिन्यात अशी घटना घडली, जी ठरवून घडवून आणली असती तरी कोणी विश्वास ठेवला नसता. यंत्र नाक वर करून चढत असताना सुमारे दहा मीटर उंचीवर इंजिन बंद पडले. साधे विमान असते तर कॅप्टन रिओससारखीच गत झाली असती. ऑटोजायरो जवळजवळ जागच्या जागी सावकाश खाली बसला. वैमानिकाला काही झाले नाही, यंत्रही शाबूत. महिनाअखेरीस त्याच यंत्राने चार किलोमीटरची पूर्ण फेरी मारून दाखवली.

१९२५ साली इंग्लंडच्या हवाई खात्यापुढे प्रात्यक्षिक झाले, पुढच्या वर्षी तिथे सिएर्वांची कंपनी निघाली आणि ते इंग्लंडमध्येच राहू लागले. वर्तमानपत्रांत कौतुक होत होते. याच सुमारास, फेब्रुवारी १९२७ मध्ये, फ्रँक कोर्टनी हा नावाजलेला वैमानिक ऑटोजायरो उतरवत असताना एक पाते मुळाशी तुटून निघून गेले. यंत्र कोसळले. कोर्टनी जखमी झाला, पण वाचला.

तपासात काय दिसले? बिजागरीमुळे पाती वर-खाली हलायला मोकळी झाली होती, पण पुढे-मागे हलायला मोकळी नव्हती. प्रत्येक फेरीत ती पुढे-मागे ओढली जात आणि मुळाशी धातू थकत जाई. तार वारंवार वाकवली की तुटते, तसे. एका धोक्यावर काढलेल्या उपायातून दुसरा धोका निघाला होता. सिएर्वांनी दुसरी बिजागरी बसवली, पाते थोडे पुढे-मागे होऊ देणारी. आजही कित्येक मोठ्या हेलिकॉप्टरांत या दोन्ही प्रकारच्या बिजागऱ्या आहेत.

त्याच वर्षी सिएर्वा स्वतः विमान चालवायला शिकले. तोवर त्यांची यंत्रे दुसरेच उडवत आणि जखमीही दुसरेच होत. स्वतः शिकण्याचे कारण त्यांनी काय दिले असेल ते असो, मला वाटते की कोर्टनीच्या अपघातानंतर केवळ कागदावर गणित मांडून त्यांना समाधान वाटेना. पुढे ते आपल्या यंत्राचे उत्तम चालक झाले. १८ सप्टेंबर १९२८ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून एका फ्रेंच संपादकाला सोबत घेऊन त्यांनी इंग्लिश खाडी ओलांडली आणि पॅरिसजवळ ले बुर्जे इथे उतरले. फिरत्या पात्यांच्या यंत्राने खाडी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. ते यंत्र ले बुर्जेच्याच संग्रहालयात जपून ठेवले आहे.

१९३२ मध्ये लंडनजवळ हॅनवर्थ इथे ऑटोजायरो शिकवणारी शाळा निघाली. शिक्षिका म्हणून मला या गोष्टीत जास्त रस आहे. यंत्र सुरक्षित आहे असे सांगत असतानाच त्यासाठी वेगळी शाळा काढावी लागली! पण ते बरोबरच होते. ज्याचे हात साध्या विमानाला सरावले आहेत, त्याला नवे यंत्र नवखेच असते, आणि जुनी सवय अडचणीच्या वेळीच आधी धावून येते. पुढच्या सुधारलेल्या यंत्रात तर सिएर्वांनी पात्यांचा सारा माथाच तिरपा करता येईल असे केले. हाताचा दांडा वरून लोंबकळे. १९३४ मध्ये व्हॅलेन्सियाच्या बंदरात असे यंत्र त्यांनी स्वतः स्पॅनिश जहाजाच्या डेकवर उतरवले आणि तिथूनच उडवूनही दाखवले.

आता त्यांच्या चरित्रातला असा भाग, जो गाळता येत नाही. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. सिएर्वांचा कल बंड करणाऱ्या लष्करी गटाकडे होता. ज्या छोट्या विमानाने जनरल फ्रँको कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत पोचले, ते क्रॉयडनहून भाड्याने मिळवण्यात सिएर्वांचा हात होता. त्या बंडातून स्पेनला दीर्घ हुकूमशाही मिळाली. स्पेनमध्ये आजही त्यांच्या सन्मानावरून वाद होतात ते यामुळे. दुसरीकडे त्यांचा सख्खा भाऊ रिकार्दो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माद्रिदजवळ विरुद्ध बाजूच्या लोकांकडून मारला गेला. बुद्धिमान माणसाचे सगळेच निर्णय आपल्याला पटतील असे नाही.

त्यानंतर महिनाभरातच, ९ डिसेंबर १९३६ रोजी, सिएर्वा क्रॉयडनहून ॲम्स्टरडॅमला निघाले. ऑटोजायरोने नव्हे, डच कंपनीच्या साध्या प्रवासी विमानाने. दाट धुके होते. विमान उडाले, सरळ रेषा सोडून भरकटले आणि विमानतळापलीकडच्या वस्तीत घरांवर आदळले. विमानातल्या १७ जणांपैकी १५ गेले. सिएर्वा त्यांत होते. वय ४१.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. जर्मनीत त्यांचे ऑटोजायरो परवान्यावर बनवणाऱ्या हाइनरिख फोके यांनी तेच ज्ञान वापरून हेलिकॉप्टर बनवले, आणि मे १९३७ मध्ये त्या हेलिकॉप्टरचे इंजिन मुद्दाम बंद करून ते केवळ वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांनी सुखरूप उतरवले गेले. आठवीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. इंजिन बंद पडले की पायलट डाव्या हाताचा दांडा ताबडतोब खाली करतो, पात्यांचा कोन कमी होतो, हेलिकॉप्टर खाली येऊ लागते, खालून हवा लागते आणि पाती फिरत राहतात. जमिनीजवळ आल्यावर तो दांडा वर घेतो, पात्यांत साठलेला वेग खर्च करून पडणे मंद करतो आणि टेकतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. प्रत्येक पायलटला हे शिकावे लागते.

ताबडतोब हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. १९७९ साली अमेरिकेत फ्रँक रॉबिन्सन यांच्या आर-२२ नावाच्या दोन माणसांच्या हलक्या हेलिकॉप्टरला परवाना मिळाला. ते स्वस्त होते, म्हणून उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांनी ते भराभर घेतले, आणि नवशिकेच त्यावर बसू लागले. त्याची पाती हलकी. जड भोवरा वेळ फिरतो, हलका लवकर थांबतो, हे तुम्हाला माहीत आहे. इंजिन बंद पडल्यावर या हेलिकॉप्टरच्या पायलटच्या हाती जेमतेम एक-दीड सेकंद असतो. तेवढ्यात दांडा खाली गेला नाही तर पात्यांचा वेग घसरतो, आणि मग पातीच स्टॉल होतात. ज्या स्टॉलपासून वाचण्यासाठी सिएर्वांनी पाती फिरवली, तो आता पात्यांतच येऊन बसला. इथून परत येता येत नाही.

दुसरा धोका बिजागरीचाच. आर-२२ला दोनच पाती, मधल्या आसावर सी-सॉसारखी झुलणारी. आकाशपाळणा वरून खाली येऊ लागताना पोटात गोळा येतो ना? हेलिकॉप्टरचे नाक झटक्याने खाली दाबले तर असेच काही क्षण वजन नाहीसे होते आणि हेलिकॉप्टर उजवीकडे कलते. नवखा पायलट सवयीने दांडा डावीकडे नेतो. तेच चुकते. पाती वाजवीपेक्षा जास्त झुलून त्यांचा माथा आसावर आपटतो आणि आस तुटू शकतो. आधी दांडा हलकेच मागे घेऊन पात्यांवर पुन्हा वजन आणायचे, मग सरळ करायचे, ही रीत आहे.

असे अपघात होऊ लागल्यावर १९९५ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने आर-२२ आणि त्याच्या चार आसनी भावंडासाठी, म्हणजे आर-४४साठी, खास शिक्षणाचे नियम काढले. परवाना असला तरी पुरे नाही. पात्यांचा वेग घसरणे, पाती स्टॉल होणे, आसावर आपटणे, वजन नाहीसे होणे, हे सारे आधी जमिनीवर शिकून घ्यायचे. आर-२२ स्वतःच्या जबाबदारीवर चालवायचे तर हेलिकॉप्टरचा २०० तासांचा अनुभव हवा आणि त्यांतले निदान ५० तास आर-२२चे. तेवढे नसतील तर १० तास शिक्षकासोबत उडून त्याची लेखी संमती घ्यायची. शिकाऊ विद्यार्थ्याला एकट्याने उडण्यापूर्वी २० तास शिक्षकासोबत. शिकवणाऱ्यांसाठीही वेगळी अट. आणि वजन नाहीसे होण्याचा धडा? तो हवेत करून दाखवायला हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेतच मनाई आहे. तो फळ्यावरच शिकवायचा.

हे सगळे मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत सांगितले. भोवऱ्याचे त्याला लगेच पटले. मग त्याने विचारले, मॅडम, शेपटीचा छोटा पंखा बंद पडला तर? त्यासाठी मला पुन्हा वाचायला बसावे लागेल.